एक कोटी लाल बाण आणि पंचहौदचा चहा

'द ऑर्व्हिल' या विनोदी अंतराळ-मालिकेचा 'मेजॉरिटी रूल' नावाचा भाग २६ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेत प्रसारित झाला. इतकी वर्षं लोटली तरी त्यावरून चाहत्यांमध्ये पडलेले तट मिटलेले नाहीत. पुण्यातही ही मालिका जिवापाड आवडणारी मंडळी आहेत. महाविद्यालयातली मुलं आहेत, हिंजवडीत नोकरी करणारे आहेत, दूरदर्शनवर लहानपणी अवकाशयानांच्या परदेशी मालिका बघितलेले माझ्या वयाचे लोकही आहेत. यांच्यात या भागाचा विषय निघाला की ठरलेलं भांडण सुरू होतं. एक म्हणतो, ही सरळसरळ नक्कल आहे. दुसरा म्हणतो, हसवायला बसलेत तर हसवावं, शिकवणी कशाला घेतात? तिसऱ्याला शेवट पटत नाही. आणि मालिकेच्या बाजूचे तितक्याच आवेशाने सांगतात की पहिल्या पर्वातला हाच सर्वोत्तम भाग.

मी या शेवटच्या गटातला आहे. पण हे सगळं भांडण चुकीच्या जागी चाललंय असं मला वाटतं. दोन्ही बाजू हा भाग समाजमाध्यमांवरची टीका म्हणूनच बघतात. मोबाइल हातात आल्यापासून माणसं बिघडली, एवढाच त्याचा अर्थ लावतात. पुण्यात राहणाऱ्या माणसाने तरी तेवढ्यावर थांबायला नको. या भागात जे घडतं ते मोबाइलच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे घडत आलं आहे, आणि या शहराकडे त्याची नोंद आहे.

ज्यांनी भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. सार्गस ४ नावाचा ग्रह एकविसाव्या शतकातल्या पृथ्वीसारखाच दिसतो. तिथे प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो आणि त्यावर दोन बाण, एक हिरवा, एक लाल. समोरचा माणूस आवडला तर हिरवा दाबायचा, नाही आवडला तर लाल. लाल बाण साठत गेले की दुकानात कुणी माल देत नाही, आणखी साठले की अटक होते. एक कोटी झाले की त्या माणसाच्या मेंदूवर उपचार करून त्याला कायमचा 'सुधारतात'. न्यायालय नाही, वकील नाही, पुरावा नाही. हरवलेल्या दोन संशोधकांचा शोध घ्यायला ऑर्व्हिल यानातले चौघे वेश बदलून तिथे उतरतात. त्यांतला जॉन लामार हा थट्टेखोर गडी रस्त्यातल्या एका पुतळ्याला चिकटून अचकटविचकट नाचतो. पुतळा त्या लोकांना पूज्य असलेल्या एका स्त्रीचा असतो. कुणीतरी ते चित्रित करतं आणि बघता बघता साऱ्या ग्रहाचे लाल बाण त्याच्या नावावर जमा होऊ लागतात. मग त्याला दूरचित्रवाणीवरच्या एकेका कार्यक्रमात नेऊन माफी मागायला लावतात आणि माफी कशी वाटली यावर पुन्हा मतं घेतात.

नक्कल असल्याचा आरोप आधी बघू, कारण तो सगळ्यांत जास्त ऐकू येतो. वर्षभर आधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, 'ब्लॅक मिरर' या मालिकेत माणसं एकमेकांना गुण देत असलेला एक भाग आला होता. दोन्हींत गुण आहेत हे खरं. पण तिथली नायिका वरच्या वर्गात शिरण्यासाठी गुण जमवत असते. तिचं दुःख प्रतिष्ठेचं आहे, घराचं, ओळखींचं, लग्नातल्या आमंत्रणाचं. सार्गस ४ वर प्रतिष्ठेचा प्रश्न दुय्यम आहे. तिथे समूहाने न्यायाधीश आणि जल्लाद ही दोन्ही कामं एकदम हातात घेतली आहेत. नातंच शोधायचं असेल तर ते १९८७ च्या 'स्टार ट्रेक'मधल्या एका भागाशी जुळतं. तिथे परक्या ग्रहावर खेळता खेळता एक मुलगा फुलांच्या वाफ्यात पडतो आणि त्याला थेट मृत्युदंड ठरतो. काही जुन्या चाहत्यांनी हे साम्य ओळखलं होतं आणि त्यांची नजर पक्की होती. मला मात्र त्याहून जवळचं एक उदाहरण दिसतं. ते गुरुवार पेठेत आहे.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातली बरीच नामांकित मंडळी पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता हातात घेऊन खाली ठेवला. हा बेत जुळवून आणण्यात गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, पुढे होते. मुलखावेगळ्या खोड्या काढून लोकांचं ढोंग उघडं पाडायची त्यांना भारी हौस. पुढे हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि शहरात वणवा पेटला. सनातनी मंडळींनी तक्रार थेट शंकराचार्यांपर्यंत नेली. ग्रामण्य, म्हणजे धर्मबाह्य ठरवून वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं, चौकशीला आयोग बसला, चहा पिणाऱ्यांनी प्रायश्चित्त घ्यावं असं ठरलं. टिळकांनी शास्त्राधार काढून आपली बाजू मांडली, आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचंही सांगितलं. तरी घरच्या धर्मकार्यांना भिक्षुक मिळणं त्यांना अवघड गेलं. रानड्यांना तर आपण काही पाप केलं आहे असं वाटतच नव्हतं. पण बहिष्काराची झळ मित्रांच्या घरांना लागत होती, लेकीबाळींची माहेरं तुटत होती. त्यांच्यासाठी त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि मग सुधारकांकडूनही बोलणी खाल्ली.

आता लामारची माफीची फेरी पुन्हा बघा. किरकोळ कृत्य, त्याची जाहीर वाच्यता, नावांची यादी, व्यवहार तोडण्याची धमकी, आणि मनातून पटलेलं नसताना सगळ्यांदेखत घ्यायचं प्रायश्चित्त. एकही पायरी चुकत नाही. फरक आहे तो ग्रामण्याच्या बाजूने जाणारा आहे, हे लिहिताना मला वाईट वाटतं. १८९० च्या त्या कर्मठ पुण्यानेसुद्धा आरोपीला बोलू दिलं. टिळक आयोगापुढे युक्तिवाद करू शकले. तक्रार कुणाची आहे हे शहराला ठाऊक होतं. सार्गस ४ वर एवढंही नाही. लाल बाण कुणी दाबला, का दाबला, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

रानडे-टिळकांची गोष्ट निदान नोंदली गेली. ज्यांच्या गोष्टी कुणी नोंदवल्या नाहीत अशी माणसं त्यांच्या कितीतरी पट आहेत. जातपंचायतींनी दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून, दंड भरला नाही म्हणून, पंचांना उलट बोलली म्हणून घरंच्या घरं वाळीत टाकली. त्यांच्या मयताला खांदा द्यायला माणूस मिळाला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये या पंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उभी केली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा लागू झाला जुलै २०१७ मध्ये, म्हणजे सार्गस ४ ची गोष्ट पडद्यावर येण्याच्या जेमतेम तीन-चार महिने आधी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असायचं कारण नाही. पण या राज्यातल्या प्रेक्षकाला ती गोष्ट उसनी किंवा परकी का वाटावी? आपण तर नुकताच तिच्याविरुद्ध कायदा केला होता.

दुसरी तक्रार विनोदाची. पुतळ्याशी चाळे करणाऱ्या माणसावर आधी हसायचं आणि तासाभरात त्याच्या मेंदूवर उपचार होणार म्हणून हादरायचं, हा सांधा अनेकांना खटकतो. समीक्षकांनी पहिल्या पर्वाला झोडपलं त्याचंही एक मोठं कारण हेच होतं. ही मालिका नक्की काय आहे, थट्टा की गंभीर विज्ञानकथा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मला वाटतं, या भागात तरी विनोद काढून टाकला तर गोष्टच कोसळेल. लामारने एखादं उदात्त कृत्य केलं असतं, समजा, एखाद्या मुलाला वाचवताना पुतळ्याला धक्का लागला असता, तर आपण सगळे आरामात त्याच्या बाजूने उभे राहिलो असतो. प्रेक्षकाला काहीच त्रास झाला नसता. लेखक सेथ मॅकफार्लेन यांनी त्याला बावळटपणा करायला लावलं. तो वागला तो गाढवपणाच होता. पूज्य व्यक्तीच्या पुतळ्याशी असं वागणारा आपल्या चौकात दिसला तर आपणही संतापू, आणि ते चूक नाही. नेमक्या या जागी आपल्याला उभं करून गोष्ट विचारते की या माणसाला किती शिक्षा द्याल? निरपराध माणसाची बाजू घ्यायला न्यायबुद्धी फारशी लागत नाही. तिची परीक्षा होते ती चुकलेल्या माणसापुढे. हरवलेल्या संशोधकांपैकी एकाला तर गर्भवती स्त्रीला बसायला जागा दिली नाही एवढ्यासाठी कायमचं मतिमंद करून टाकलेलं असतं. जागा न देणं वाईटच. पण वाईट वागण्याला माप असतं, आणि जमाव ते माप धरूच शकत नाही. कारण जमावातला प्रत्येक जण फक्त एकच बाण दाबत असतो. एका माणसाचा अपराध एकच बाण एवढाच, आणि शिक्षा मात्र एक कोटींची.

या हिशेबाकडे चाहत्यांनी फार कमी लक्ष दिलं याची मला खंत आहे. लायसेला नावाची तिथली साधी, भली मुलगी सुरुवातीला सकाळच्या आवराआवरीत पडद्यावरच्या एका अनोळखी माणसाच्या नावे लाल बाण दाबते आणि कामाला जाते. तिच्या मनात द्वेष नाही. तिने त्या माणसाबद्दल क्षणभर विचारही केलेला नसतो. कोटीभर माणसं अशीच भली आणि अशीच घाईत असली की पलीकडे एक माणूस संपतो आणि जबाबदार मात्र कुणीच नसतं.

शेवटाबद्दलची तक्रार जास्त वजनदार आहे. लामार वाचतो तो खोट्याच्या बळावर. यानातला आयझॅक ग्रहाच्या माहितीजाळ्यात त्याच्याबद्दल खोट्या, हृदयद्रावक गोष्टी सोडतो, लोकांना पाझर फुटतो आणि लाल बाणांचा आकडा कोटीच्या अलीकडे थांबतो. चाहते विचारतात, ही कसली सुटका? नायकांनी त्या व्यवस्थेला सत्याने हरवायला नको होतं? मी उलट विचारतो, सत्य मांडायला तिथे जागा होती कुठे? जिथे पुरावा तपासला जात नाही तिथे खरा पुरावा आणि खोटा पुरावा यांची किंमत सारखीच. ज्या यंत्रणेने लामारला एका चित्रफितीवरून गुन्हेगार ठरवलं, तीच यंत्रणा एका बनावट छायाचित्रावरून त्याला माफ करते. त्या व्यवस्थेचा पोकळपणा याहून स्वच्छ दाखवता आला नसता. सत्याचा विजय दाखवला असता तर प्रेक्षक सुखावला असता आणि व्यवस्था निर्दोष सुटली असती.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. माझ्याशी वाद घालणाऱ्या तरुण मुलींनी तो घेतला आणि तो टाळण्यासारखा नाही. त्या म्हणतात, ज्यांना न्यायालयाची पायरी परवडत नाही, ज्यांची तक्रार पोलीस लिहून घेत नाहीत, त्यांच्या हातात जाहीर बोभाट्याशिवाय दुसरं काय असतं? २०१८ मध्ये भारतात 'मी टू'ची लाट आली तेव्हा कित्येक वर्षं दाबून ठेवलेलं बोलायचं धैर्य स्त्रियांना झालं ते लोक पाठीशी उभे राहिले म्हणूनच. ते चूक होतं का? नाही, मुळीच नाही. पण ते लाल बाण दाबणंही नव्हतं. जी स्त्री स्वतःच्या नावाने पुढे येऊन काय घडलं, कुठे घडलं, कुणी केलं हे सांगते, ती आपली सगळी अब्रू पणाला लावून बोलते. तिच्या म्हणण्याला उत्तर देता येतं, तपास करता येतो. ती चौकशी मागत असते. बाण दाबणाऱ्याला चौकशी नकोच असते, त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. या दोन गोष्टींना एकच समजणं हा पुढे आलेल्या स्त्रियांवर अन्याय आहे. 'जमावाचा न्याय नको' या वाक्याआड कुणी बलवान माणूस लपू पाहत असेल तर त्याला माझा या लेखातला एक शब्दही उसना मिळणार नाही.

माझा आग्रह एवढाच आहे, आणि तो माणसांना लागू आहे तितकाच कलाकृतींनाही. ज्या मताला नाव नाही, कारण नाही आणि उलट उत्तराला जागा नाही, त्याला निकाल म्हणून मान देऊ नये. चाहत्यांनी तरी देऊ नये. हा भाग बघून संपायच्या आत दहापैकी चार किंवा दहापैकी दहा देऊन मोकळं होणारे दोघेही लायसेलासारखेच वागतात. भाग आवडला नाही तर बेलाशक नाही म्हणावं, पण कुठे फसला ते सांगावं. नक्कल वाटली तर कशाची, कोणत्या प्रसंगात, ते दाखवावं. मग वाद होईल आणि वादातून भाग पुन्हा बघावासा वाटेल.

या शहराला ही रीत शिकवायला नको. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात होती. पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव लपलेलं आणि निकालाची जबाबदारी मात्र परीक्षकांच्या माथी, ही योग्य मांडणी. आजच्या गुणदानात ती पुरती उलटी झाली आहे. कलावंत उघड्यावर आणि परीक्षक अंधारात.

दुसरं उदाहरण अधिक कडू आहे. २०२२ च्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी पहिल्या क्रमांकाच्या एकांकिकेला करंडकच दिला नाही. दर्जा त्या तोडीचा नाही म्हणाले. १९६३ पासून चालत आलेल्या स्पर्धेत असं आधी झालेलं नव्हतं. महिनोन्‌महिने तालमी केलेल्या मुलांचा जीव कळवळला, रंगकर्मींमध्ये दोन तट पडले, वर्तमानपत्रांतून वाद झडला. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटत नाही. तरीही तो देणाऱ्यांना चेहरे होते. त्यांनी कारण सांगितलं, लोकांनी ते खोडून काढलं, आणि हे सगळं समोरासमोर झालं. चूक निर्णयसुद्धा असा उघड दिला की त्याच्याशी भांडता येतं.

आणि ज्याला भांडताच येत नाही असा माणूस रोज आपल्या दारात येतो. पावसात सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीतून दुचाकी काढत जेवण आणून देणारा मुलगा, पहाटे विमानतळावर सोडणारा चालक. आपण दार लावतो, पडद्यावर पाच तारे उमटतात, आपण त्यांतले दोन दाबतो आणि विसरून जातो. जेवण गार होतं ते हॉटेलात उशीर झाला म्हणून, उशीर झाला तो रस्ता खणलेला म्हणून, पण दोन तारे जातात त्या मुलाच्या नावावर. सरासरी घसरली की काम कमी मिळतं, प्रोत्साहन रक्कम बुडते, फारच घसरली तर एक दिवस ॲप उघडतच नाही. का, ते विचारायला माणूस सापडत नाही. बिल्ला छातीवर नाही, एवढाच काय तो फरक.

'मेजॉरिटी रूल'बद्दल तासन्‌तास बोलणाऱ्या पुण्यातल्या चाहत्यांनी या प्रश्नावर बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यापैकी कितीतरी जण अशी ॲप बनवणाऱ्या उद्योगात आहेत. हा आराखडा ज्यांच्या टेबलावर ठरतो त्यांच्या शेजारी ते बसतात. कमी तारे द्यायचे असतील तर कारण लिहिणं सक्तीचं करा, हे ते बैठकीत म्हणू शकतात. ते कारण कामगाराला दिसू द्या आणि त्याला उत्तर देऊ द्या, हेही म्हणू शकतात. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात अशा कामगाराला काढण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना देणं बंधनकारक आहे. बहिष्काराविरुद्ध देशात सर्वांत आधी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात अशी तरतूद तर हवीच, आणि तिच्या जोडीला तक्रार ऐकायला हाडामासाचा माणूसही हवा.

लायसेला मालिकेत पुन्हा एकदा येते. ४ ऑगस्ट २०२२ रोजी आलेल्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात ती आपल्या ग्रहावरून कायमची निघून येऊन ऑर्व्हिलवर आश्रय मागते. चाहत्यांना तिचं येणं फार आवडलं, मलाही आवडलं. पण तिथली व्यवस्था तशीच राहते. मागे उरलेल्या कुणाच्याही छातीवरचा बिल्ला निघालेला नाही. दारात आलेल्या मुलाला तर कुठल्याही यानात बसून निघून जाता येणार नाही. त्याला उद्या सकाळी याच रस्त्यांवर काम हवं आहे आणि आपलं म्हणणं ऐकून घेणारं कुणीतरी हवं आहे.